माळावरच्या पालाची शिवण

“लेकुरवाळी झाली, तरी हिला टाका घालता येत नाही. हिचा टाका म्हणजे बैलाची ढांग,” अशी धुरपदाबाईंची आपल्या सुनेबद्दल, गजराबद्दल, तक्रार होती. पाणवठ्यावरच्या बायांना ती तोंडपाठ झाली होती.

त्या दिवसांत येसबुवा महाराज पिंपळदऱ्याच्या माळावर मुक्कामाला होते. माळ असा उघडा, की सावलीला बाभूळसुद्धा नाही. चैत्रात महाराजांचा भंडारा व्हायचा आणि जेवणाऱ्या मंडळींच्या डोक्यावर एक मोठं कापडी पाल उभं राहायचं. जुनं पाल कुजलं, म्हणून नवं शिवायची सेवा धुरपदाबाईंनी मागून घेतली. त्यांच्या हातची चोळी घातल्याशिवाय गावातली नवरी बोहल्यावर चढत नसे. ही सेवा दुसऱ्या घरी गेली असती, तर त्यांना घास गोड लागला नसता.

जाड दोसुती कापडाचे तीन लांब पट्टे जोडायचे होते. एक जोड सासूचा, एक सुनेचा. धुरपदाबाईंनी चोळीचाच टाका धरला, राळ्याच्या दाण्याएवढा. गजराने आधी चिंध्यांवर टाके घातले आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिले. बारीक टाक्यांची चिंधी शिवणीवरूनच फाटली. फार लांब टाक्यांची शिवण वासली. मग तिने मेण लावलेला दोरा दाभणात ओवला, महाराजांचं नाव घेतलं आणि हरभऱ्याएवढा टाका धरला.

“अगं, पोतं शिवतेस का?” धुरपदाबाई म्हणाल्या.

“आत्याबाई, जवळजवळ भोकं पडली की कापडाचा जीव जातो.”

“चिंध्यांवर शिकलेली तू, आता मला शिकव. तुझ्या शिवणीतून कावळा आत आला, की त्यालाही पान वाढ.”

गजराने मान खाली घालून पुढचा टाका घातला. तिचे ओठ तेवढे हलत होते. प्रत्येक टाक्याला ती नाम घेत होती.

पाल वर चढलं तेव्हा महाराजांनी दोन्ही शिवणींवरून हात फिरवला. धुरपदाबाई कौतुकाची वाट पाहत उभ्या होत्या. महाराज एवढंच म्हणाले, “परीक्षा वारा घेईल. आपण कशाला घ्यायची?”

भंडाऱ्याला म्हातारीकोतारी, पोरंबाळं पंगतीला बसली. गजरा वाढत होती. धुरपदाबाई तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन नेमक्या आपल्या शिवणीखाली बसल्या. आल्यागेल्याने एकदा वर बघावं, एवढीच इच्छा!

भात वाढून झाला आणि आभाळ काळवंडलं. वावटळ सुटली, पाठोपाठ बोराएवढ्या गारा. पालाच्या तणाव्यांचे दोर करकरले, कापड फुगलं आणि टर्रकन आवाज झाला. धुरपदाबाईंची शिवण भोकाभोकांवरून उसवल्यासारखी फाटत निघाली. दोरा शाबूत होता, कापडच सुटलं होतं. गारा आत पडू लागल्या. पळावं तर माळावर आडोसा कुठला? धुरपदाबाई नातीवर ओणव्या झाल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आर्जव निघालं, “महाराज, माझ्या लेकराला सांभाळा.”

महाराज शांतपणे उठले. फाटलेल्या कडा एकीवर एक घेऊन त्यांनी हातांत धरल्या. “गजरा, दाभण आण पोरी.”

“महाराज, दोरा संपलाय.”

“माझं उपरणं आहे ना? ओढ त्यातला.”

गजराने उपरण्याच्या काठातून सूत ओढलं आणि शिवायला घेतलं. काय सांगावी माउलीची लीला! बाहेर वारा घोंघावत होता, पण महाराजांच्या दोन हातांमधलं कापड मांडीवर पसरल्यासारखं निश्चल होतं. महाराज पुढे सरकत होते, गजरा मागोमाग टाके घालत होती, आणि सूत येतच होतं. शिवण शेवटाला गेली तेव्हा गाराही थांबल्या. सारा माळ पांढरा झाला होता. पालाखाली कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. गजराने उपरण्याचा काठ निरखून पाहिला, तर त्यातला एक धागाही कमी झालेला नव्हता. तिची स्वतःची शिवण तर जागची हललीच नव्हती.

धुरपदाबाईंनी नातीला कडेवर घेऊन महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ त्या उठेनात.

महाराज म्हणाले, “बाई, तुझा टाका चोळीला शोभतो. वाऱ्याशी झुंजणाऱ्या कापडाला तो सोसत नाही. शिवताना कापडाकडे बघावं. तू गावाकडे बघत होतीस.”

“चुकले, महाराज.” त्या उठल्या, पदराने डोळे पुसले आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या, “गजरे, महाराजांनी धरलं आणि तू शिवलंस, म्हणून माझी नात वाचली. हे मी चारचौघांत सांगते. आणि पोरगी मघापासून भुकेली आहे, तेही सांगते. ठेव तो दाभण, घे हिला. पंगतीला तुझ्या वाटणीचं मी वाढते.”