थोरल्या महाराजांची अर्धी मिशी

गोष्ट रंगात आली रे आली, की वैद्यबुवा काढा घेऊन आत शिरलेच म्हणून समजा!

धरणीपाल राजाने आपल्या म्हाताऱ्या चाकरांसाठी ‘विसावा’ नावाचं मोठं घर बांधलं होतं. जन्मभर राबलेले माहूत, दाया, आचारी तिथे राहायचे. खाण्यापिण्याची ददात नव्हती, सेवेला माणसं होती. पण म्हाताऱ्यांचा जीव रमायचा तो दुपारच्या बैठकीत. सगळे ओसरीवर जमायचे, कुणी गाणं म्हणायचं, कुणी गोष्ट सांगायचं. ही बैठक जमवायची सारजा, तिथे झाडलोट करणारी. तोंडाची फटकळ, पण म्हाताऱ्यांवर जीव टाकणारी बाई.

आणि नेमकी त्याच बैठकीत सगळी सेवा येऊन कोसळायची. सगळे एका जागी आयते सापडतात, मग खाटेखाटेला कोण पाय झिजवणार, असा कारभारी नागोपंतांचा हिशोब. काढा बैठकीत, हजामत बैठकीत, गुडघ्याला तेलही बैठकीतच. भीक नको पण कुत्रं आवर, अशी म्हाताऱ्यांची गत झाली होती. गोदाक्काचं गाणं ध्रुवपदाच्या पुढे कधी सरकलंच नाही. राणोजी माहुताची एक गोष्ट तर कित्येक महिने रखडली होती, आणि म्हातारा हल्ली खंगत चालला होता.

“पोरी, ही गोष्ट माझ्याबरोबरच जाणार बघ,” तो एकदा म्हणाला. सारजाने ते ऐकलं मात्र, हातातला झाडू तिथेच टाकून ती तडक दरबारात गेली.

राजा पक्का हट्टी. विसाव्यातली सेवा जो अडवील त्याला राज्याबाहेर हाकलायचं, असा त्याचा हुकूमच होता. सारजाचं गाऱ्हाणं ऐकून तो उखडला. मी सेवा करवतो आणि ही तिला कटकट म्हणते?

“ठीक आहे,” तो म्हणाला. “उद्या मी स्वतः येतो. एक गोष्ट शेवटापर्यंत होऊ दे. पण तू किंवा तुझ्या म्हाताऱ्यांपैकी कुणी सेवकाला अडवायचं नाही. तोंडाने नाही, हाताने नाही, आणि दार लावून तर नाहीच. गोष्ट पुरी झाली तर मागशील ते देईन. नाही झाली तर ओसरीत घोड्यांची वैरण भरीन, आणि तू आपलं गाठोडं बांध.”

नागोपंत मिशीतल्या मिशीत हसले. विसाव्यात हे कळलं तसा गोदाक्काने कपाळावर हात मारून घेतला. सारजाने मात्र राणोजीला एवढंच सांगितलं, की उद्या तुमची ती रखडलेली मिशीचीच गोष्ट होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी राजा आला. राणोजींचा आवाज आता लांब पोचत नाही, असं म्हणून सारजाने त्याला म्हाताऱ्यांच्या मधोमध घोंगडीवर बसवलं. उकाडा मरणाचा. राजाने पगडी काढून ठेवली, आणि त्या पांढऱ्या डोक्यांत त्याचंही एक डोकं होऊन गेलं.

राणोजी सांगू लागला. फार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या रात्री, थोरले महाराज, म्हणजे धरणीपालाचे वडील, झोपेत असताना कुणीतरी त्यांची अर्धी मिशी उडवली. दुसऱ्या दिवशी सगळी राजधानी मिरवणुकीला लोटली, आणि महाराज अंबारीत नाकावर शेला धरून बसलेले!

धरणीपाल ताठ झाला. तो कसा विसरेल? त्या मिशीपायी त्याने लहानपणी भर दरबारात छड्या खाल्ल्या होत्या, आणि मिशीला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. खरा चोर कोण, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

“राणोजी, तुला माहीत आहे?”

“या डोळ्यांनी बघितलंय, महाराज. मी खिडकीखाली हत्तीला केळी चारत होतो. मागचं दार हळूच उघडलं, आणि वस्तरा घेऊन आत शिरलं कोण, तर...”

“काढा!” म्हणत वैद्यबुवा आत आले.

एकेकाला पाजत ते राजापाशी पोचले आणि घुटमळले. सारजाने हात जोडले. “थांबू नका, वैद्यबुवा. बैठकीत बसलेल्या कुणालाही वगळायचं नाही, अशी कारभाऱ्यांची ताकीद आहे. आणि सेवा अडलेली महाराजांना खपत नाही.”

आता राजाने स्वतःच्याच हुकमाला नाही कसं म्हणायचं! त्याने डोळे मिटून काढा घशाखाली ढकलला आणि तोंड वेडंवाकडं करत विचारलं, आत शिरलं कोण? राणोजीने घसा खाकरला, तेवढ्यात न्हावी आला. राजाची हनुवटी वर झाली, वस्तरा गळ्याशी आला, आणि तिथे कुणाचं राजेपण चालतं? न्हावी गेला तसा तेलवाला आला, त्याने राजाचं धोतर गुडघ्यावर सारलं आणि रगडायला सुरुवात केली. बाहेर नागोपंत खूश! महाराजांदेखत सेवा कशी ओसंडून वाहत होती. शेवटी न राहवून ते स्वतःच आत आले आणि म्हणाले, घोंगड्या झटकायच्या आहेत, जरा सगळे उठता का?

राजाचा बांध फुटला. “चालते व्हा! गोष्ट संपेपर्यंत आत पाऊल टाकील त्याची तंगडी तोडीन!”

सगळे सेवक एका दमात ओसरीबाहेर झाले. मग राणोजीने सावकाश, एकेक शब्द चाखत सांगितलं.

“आत शिरल्या आपल्या आईसाहेब, महाराज. थोरले महाराज नाचणाऱ्या बायांपुढे मिशीला पीळ देत बसायचे. आईसाहेबांनी एका बाजूला पीळ द्यायला मिशीच ठेवली नाही.”

राजा हसून असा लोळला, की गुडघ्याचं तेल बाजूला ठेवलेल्या पगडीला लागलं. म्हातारे खोकत खोकत हसले. राणोजीच्या डोळ्यांत पाणी आलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला झालं.

हसू ओसरल्यावर राजाला पैज आठवली. “गोष्ट पुरी झाली खरी. पण सेवा अडली, सारजे. सगळ्यांदेखत अडली.”

“अडली की,” सारजा म्हणाली. “आम्ही आपले काढा प्यायलो, हनुवट्या वर केल्या, हूं की चूं केलं नाही. अडवली ती आपण. अडवणाऱ्याला राज्याबाहेर हाकलायचं असतं म्हणे. गाठोडं मी बांधून देऊ का?”

नागोपंतांचा चेहरा पडला. राजा पोट धरून असा हसला, की बाहेरचे पहारेकरी आत डोकावले. “नको बाई! मला राहू दे राज्यात. तू काय हवं ते माग.”

सारजाने दुपारची बैठक मागितली. ती चालू असताना खुद्द राजानेही आत यायचं नाही, असा हुकूम त्याच दिवशी निघाला. राजाने विसाव्याचा कारभार सारजाच्या हाती दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून नागोपंत सकाळी उठून काढ्याचं भांडं घेऊन खाटेखाटेला फिरू लागले.