उसन्या स्वराची हाक

काळाची गणना कोणी ठेवत नव्हते अशा जुन्या काळी, उंच पर्वतांच्या कुशीत एक दरी होती. त्या दरीत वर्षाचा बराच काळ दाट धुके उतरे. वाट संपून कडा कोठे सुरू झाला, हे पाऊल पडल्यावरच कळे. आणि तेव्हा कळून काही उपयोग नसे.

म्हणून तेथील लोक एक रीत पाळत. धुक्यातून कोणाचीही हाक आली, की ऐकणाऱ्याने आधी 'ओ' द्यायची आणि हातातले काम टाकून स्वराच्या दिशेने निघायचे. हाक मारणारा वैरी असला तरी जायचे. पिठाने माखलेले हात धुण्यापुरतेही थांबायचे नाही. त्या दरीत माणसे टिकून होती, ती या एका रीतीवर.

तेथे वाद्ये घडवणारी एक कुशल स्त्री राहत असे; लोक तिला वादिका म्हणत. तिने रानरेड्याच्या शिंगात पातळ कातड्याचे पडदे बसवून एक अद्भुत साधन सिद्ध केले. पडदे कमीअधिक ताणले, की त्यातून कोणत्याही माणसाचा स्वर शब्दांसह तंतोतंत उमटे.

शेजारच्या वृद्धेचा कंठ आजाराने कायमचा बसला होता. एकदा तिचे मुलगे धुक्यात वाट चुकले. तिने खुणेने विनवले, तेव्हा वादिकेने तिच्या स्वरात शिंग फुंकले आणि मुलगे आईच्या हाकेमागे घरी परतले. वृद्धेने रडत तिचे हात आपल्या कपाळाला लावले.

त्या दिवशी वादिकेने मनाशी नियम केला : ज्याचा स्वर, त्याच्या संमतीवाचून शिंग ओठांना लावायचे नाही.

शिंगाची वार्ता गढीच्या अधिपतीपर्यंत पोहोचली. त्याने तिला बोलावून घेतले. तो मोठ्याने बोलत नसे. म्हणूनच लोक त्याला अधिक भीत.

"एक मेंढपाळ वेठीला नकार देऊन वरच्या गुहांत लपला आहे," तो म्हणाला. "त्याची बहीण तुमच्या वस्तीत राहते. तिच्या स्वरात त्याला एक हाक मार."

"महाराज, तिला विचारल्यावाचून मी तिचा स्वर घेणार नाही."

"बरे. तुझा नवराही आमच्या वेठीवर आहे ना? कड्यावर दोराला लोंबकळत दगड फोडतो." तो किंचित हसला. "दोर धरणारे माझे आहेत, बाई. दिवसभर धरून माणसांचे हात दुखतात. एखादे वेळी सुटतातही."

ती घरी आली. भाकरी तव्यावर करपली, तरी तिला वास आला नाही. 'एकदाच,' ती स्वतःला सांगत राहिली. 'एकदाच, आणि तेही जीव वाचवण्यासाठी.'

दुसऱ्या सकाळी धुके उतरताच तिने पडदे ताणले आणि शिंग फुंकले. "दादा, धाव रे! पडले मी!"

वरून तत्काळ स्वर आला, "ओ! आलो गं, हलू नकोस, आलो!"

दगड घसरण्याचे ध्वनी जवळ येत गेले. मग दबा धरलेल्या गढीच्या माणसांशी झटापट झाली आणि सारे शांत झाले. मेंढपाळाला गढीत नेले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

सायंकाळी तिचा नवरा वेठीतून सुटून सुखरूप घरी आला. आपली सुटका कशी झाली, ते त्याने विचारले. तिने त्याच्यापुढे ताट ठेवले.

दरीला मात्र सारे कळले. मेंढपाळाची बहीण वादिकेच्या दाराशी येऊन उभी राहिली. "आवाज माझाच होता," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकला, सगळे धावले. मीही माझ्या घरात बसून ऐकला." एवढे बोलून ती निघून गेली.

पुढे पुन्हा धुके दाटले. वादिकेचा नवरा सरपणासाठी गेला होता. अकस्मात कड्याच्या बाजूने त्याची हाक आली, "धावा! फांदीला धरून आहे! दोर आणा!"

ती दोर आणि शिंग उचलून बाहेर धावली. एकटीच्या बळाने तो वर येणार नव्हता. तिने दारोदार हाका घातल्या. दारे किलकिली झाली, पण उंबरा कोणी ओलांडला नाही.

"घाला रे कडी!" एक म्हातारा आतून ओरडला. "गढीला आज माणसे कमी पडलेली दिसतात."

"बाबा, शिंग माझ्या हातात आहे! हे पाहा, मी फुंकत नाही! तो खरोखरच पडला आहे!"

"दुसरे घडवले नसशील कशावरून? तुझा हात मोठा कसबी, बाई."

ती मेंढपाळाच्या बहिणीच्या दाराशी कोसळली. "ताई, तुम्ही तरी मुलांना घेऊन चला. हा त्याचाच आवाज आहे."

बहिणीचे पाऊल उंबऱ्यावर आले होते. "असेलही खरा," ती म्हणाली. "पण माझ्या लेकरांना त्या कड्यावर कशाच्या भरवशावर पाठवू? खरी हाक ओळखायची कशी, ते आता तूच सांग."

धुक्यातून हाक येत होती. ती क्षीण होत गेली. शेवटी त्या हाकेत केवळ वादिकेचे नाव उरले, आणि मग तेही उरले नाही. ती एकटीच दोर घेऊन कड्याशी पोहोचली, तेव्हा तेथे मोडलेली फांदी हलत होती.

तिने शिंगाचे तुकडे करून दरीत फेकले. पण दरीत पूर्वीची रीत परतली नाही. त्यानंतर तेथे धुक्यात हाक उठली, की माणसे दिवा मालवतात, मुलांच्या कानांवर हात ठेवतात आणि ती थांबण्याची वाट पाहतात.

तात्पर्य : आपले साधन कितीही समर्थ असो, दुसऱ्याच्या संमतीवाचून ते भयापोटी एकदाही वापरू नये, कारण त्यातून मोडलेला विश्वास कोणत्याही कारागिराला पुन्हा घडवता येत नाही.