साकवावरची रांग

फार पूर्वी एका खोल नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडच्या गावात कुंभार, विणकर आणि भाजी पिकवणारे राहत. पलीकडच्या गावात बाजार होता, देऊळ होतं आणि त्या भागातले एकुलते एक वैद्य होते. मधे होता एक साकव, म्हणजे ओंडके बांधून केलेला अरुंद लाकडी पूल. त्यावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शके. एक इकडून, मग एक तिकडून, असा तिथला नेम. तो नेम सांभाळायला अलीकडच्या टोकाला ठकूबाई बसायची.

एरवी कुणाला थांबावं लागत नसे. एक माणूस पार होईपर्यंत दुसरा आलेलाच नसे. पण त्या वर्षी पलीकडे दहा दिवसांचा मोठा बाजार भरला आणि साकवाच्या दोन्ही टोकांना रांगा लागल्या. उन्हात माणसं तापू लागली, म्हणून गावाने तिथे मांडव घातला. सावली मिळाली तशी आणखी माणसं येऊन बसली. मांडव मोठा झाला, रांग लांब झाली, साकव मात्र होता तेवढाच राहिला.

अशातच धाकू कुंभाराची मुलगी आवडी तापाने फणफणली. पहाटे तिचा घसा इतका सुजला की पाणीही उतरेना. धाकूने मेहुण्याला वैद्यांकडे धाडलं. "त्यांना घेऊनच या," म्हणाला.

ऊन वर आलं तरी कुणी आलं नाही. धाकूची बायको म्हणाली, "निरोप पोचला नसेल हो. दुसरं कुणीतरी पाठवा." धाकूने चुलतभावाला पिटाळलं. दुपार कलली. तोही परतला नाही. आवडीचा श्वास घरघरू लागला, तेव्हा धाकू स्वतःच नदीकडे धावत सुटला.

मांडवात शिरतो तर काय, चुलतभाऊ अजून रांगेतच! त्याच्या पुढे चाळीस-पन्नास माणसं बसलेली.

धाकूचा संताप अनावर झाला. तो ठकूबाईवर ओरडला, "माझी पोर तिकडे तडफडतेय आणि तुम्ही इथे झोपा काढता का?"

ठकूबाई शांतपणे म्हणाली, "झोप कुठली, बाबा? सकाळपासून साकव एक क्षण रिकामा नाही. मी कुणाला पळवू शकत नाही. जायला लागतो तेवढा वेळ लागतोच. जरा तिकडे बघ."

धाकूने पलीकडच्या काठावर पाहिलं. तिथल्या रांगेत, वीस-पंचवीस माणसांच्या मागे, त्याचा मेहुणा उभा होता. आणि त्याच्या शेजारी खांद्याला औषधांचा बटवा अडकवलेले वैद्य! दोघंही टाचा उंचावून इकडे बघत होते.

आता धाकूच्या ध्यानात आलं. निरोप केव्हाच पोचला होता. वैद्य केव्हाच निघाले होते. फक्त त्यांना साकवावर पाय ठेवायला मिळत नव्हता, कारण तिकडून एक आला की इकडून एक जात होता, आणि इकडची रांग संपतच नव्हती.

"ही सगळी कशासाठी चाललीत?" त्याने विचारलं.

"विचार की त्यांनाच," ठकूबाई म्हणाली.

धाकूने विचारत विचारत रांग पालथी घातली. एक विणकर भावाला शोधायला निघाला होता, कारण सकाळी गेलेला भाऊ परतला नव्हता. त्याच्या मागे त्याचाच पुतण्या, त्या दोघांना शोधायला. एका बाईने सुनेला हळद आणायला धाडलं होतं. उशीर झाला म्हणून लेकीला धाडलं, ती इथेच रांगेत अडकली, आणि आता ती बाई स्वतः आली होती. सून पलीकडे हळद घेऊन उभी होती! निम्मी रांग अशी, काय झालं ते विचारायला निघालेल्यांचीच होती. आणि ज्यांच्यासाठी ती निघाली होती, ते यांच्यामुळेच अडकले होते.

धाकूला स्वतःची लाज वाटली. त्याने चुलतभावाचा हात धरला. "चल, बाहेर ये. आपण दोघंही जायचं नाही."

"अरे, पण मी कधीचा रांगेत आहे," चुलतभाऊ म्हणाला. "मी पोचलो तर वैद्यांना घाई तरी करीन."

धाकूचं मन डळमळलं. एवढ्या वेळाची जागा सोडायची? पोर घरी घरघरतेय आणि आपण काहीच न करता उभं राहायचं? पण त्याने पुन्हा पलीकडे पाहिलं आणि मन घट्ट केलं. "वैद्य निघालेत. आता आपण जितके थांबू तितके ते लवकर येतील."

दोघं रांगेबाहेर आले. हळदीवाली बाई हे पाहत होती. ती उठली आणि लेकीला म्हणाली, "आपणही सरकूया गं. सून हळद घेऊन येईलच." विणकर उठला, पुतण्या उठला, मग बाकीचेही एकेक करून उठले. एक गूळवाला तेवढा अडून बसला. "मी पहाटेपासून इथं आहे. मी का उठू?"

कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. ठकूबाई एवढंच म्हणाली, "हक्क तुमचाच आहे. पण त्या माणसाची पोर आजारी आहे."

गूळवाल्याने पलीकडच्या वैद्यांकडे पाहिलं. मग आपली ढेप उचलून म्हणाला, "गूळ काय, उद्याही विकेल."

इकडची रांग थांबली. ठकूबाईने पदर हलवून पलीकडच्यांना खूण केली. मग तिकडून एकापाठोपाठ एक माणसं येऊ लागली. विणकराचा भाऊ आला, हळद घेऊन सून आली, आणि ऊन उतरायच्या आत वैद्य आले. धाकू त्यांचा हात धरून पळतच घरी गेला. काढा झाला, लेप झाला. संध्याकाळी आवडी दोन घोट पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "आई, भूक लागली." धाकू अंगणात जाऊन रडला.

त्या दिवसापासून दोन्ही गावांनी ठरवलं: धाडलेलं माणूस परत येईपर्यंत त्याच कामाला दुसरं धाडायचं नाही. रांग दिसली तर ज्याचं काम उद्यावर जाण्याजोगं आहे त्याने घरी फिरायचं. आणि आजाऱ्यासाठी निघालेल्याला आधी वाट द्यायची. बाजार चालूच होता, साकवही तोच होता, पण मांडव बहुतेक वेळ रिकामा राहू लागला.

आवडी हिंडूफिरू लागल्यावर धाकू तिला घेऊन साकवापाशी आला. येणाऱ्या प्रत्येकाला दोघं हात जोडत होती. एक म्हातारे गृहस्थ थबकले. म्हणाले, "मला कशाला रे नमस्कार? मी तर त्या दिवशी आलोच नव्हतो. गर्दी आहे असं कळलं आणि घरीच बसलो."

धाकूचे डोळे भरून आले. "म्हणूनच, आजोबा," तो म्हणाला. "तुम्ही आला असतात तर वैद्य आणखी मागे राहिले असते."

आणि आवडीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

तात्पर्य इतकंच: आता आपले निरोप साकवावरून नाही, फोनवरून जातात, पण ती वाटही एका वेळी मावेल तेवढंच नेते. उत्तराला उशीर झाला म्हणून तेच पुन्हापुन्हा धाडलं, तर आपणच त्या उत्तराची वाट अडवतो. आणि आपलं काम वेळेवर झालं, तर कुठेतरी अनोळखी माणसं आपल्यासाठी थांबली होती, हे आठवून मनोमन त्यांचे आभार मानावेत.