राजाने ओतलेलं तेल

फार वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर एक राज्य होतं. राज्य लहान, राजा मायाळू, आणि साऱ्या राज्यात मोटार एकच, तीही म्हातारी.

तिचे ब्रेक सांभाळायला एक मिस्त्री होता. जिभेचा तिखट, पण हात असा की बघत राहावं. ब्रेकला हात लावला की त्यानंतर गाडी पहिल्यांदा घाट उतरताना तो स्वतः तीत बसायचा, हा त्याचा नेम.

राजकन्येचं लग्न झालं. पाठवणी त्याच मोटारीतून, घाट उतरून व्हायची होती. मिस्त्रीने ब्रेक नीट करून ठेवले, तरी राजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या घराण्यात रथ निघण्याआधी चाकाला तेल पाजायची रीत होती. त्याने सकाळी कोणाला न सांगता, लेक बसणार त्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात, ब्रेकच्या गोल ड्रमच्या छिद्रातून वाटीभर तेल ओतलं. मग त्याला जरा बरं वाटलं.

वऱ्हाड निघालं. घाटाच्या अलीकडे, सपाटीवर, मिस्त्रीने चालकाला ब्रेक दाबायला सांगितलं. गाडी उजवीकडे ओढली गेली. मिस्त्री खाली उतरला आणि डावं चाक खोलायला बसला.

मुहूर्त टळेल म्हणून राजा चिडला. आत्ता निघाला नाहीस तर राज्याबाहेर काढीन, असंही बोलून गेला. मिस्त्रीने मान वर केली नाही. ड्रम निघाला. आत ब्रेकचे लायनर तेलाने चिंब झाले होते.

राजाचा चेहरा उतरला. "तेल मी घातलं," तो म्हणाला. "लेकीचं चाक सुखाने फिरावं म्हणून."

"महाराज, फिरणं हे बेअरिंगचं काम. त्याला वंगण मी घातलंय. लायनरचं काम ड्रमला घासून गाडी धरायचं. त्यालाच तेल पाजलंत, तर उतारावर तो धरणार कसा?"

मिस्त्रीने ड्रम धुऊन कोरडा केला, पेटीतले नवे लायनर बसवले. मग उजवं, धड असलेलं चाकही खोलायला घेतलं. ते कशाला, असं राजाने हळूच विचारलं. एकीकडे नवं आणि एकीकडे झिजलेलं राहिलं तर गाडी पुन्हा एका अंगाला जाईल, असं मिस्त्री म्हणाला. राजा त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि लागेल तो पाना हातात देऊ लागला. असा कारागीर आपल्याकडे आहे, हे त्याला आपलं मोठं भाग्य वाटलं.

मुहूर्त टळला. उन्हं कलताना गाडी घाट उतरली, वळणावळणाला कुठल्याही अंगाला न ओढली जाता, दमाने थांबत. राजकन्या सुखरूप सासरी पोचली.

तेव्हापासून त्या राज्यात पाठवणीचा मुहूर्त भटजी काढत, पण गाडी निघायची ती मिस्त्रीने मान डोलावल्यावरच.

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माया कितीही असो, जिथे पकड हवी तिथे तेल ओतू नये.