जळक्या घराची किल्ली

"भाडेकरूंना येत नाही, मग जळका वास मलाच का येतो, बाबा?"

टेकडीवरच्या मठात पाय ठेवल्या ठेवल्या श्रीपती शेटेंनी हेच विचारलं. नमस्कारही राहून गेला. केवळनाथबाबा धुनीपाशी बसून चिमट्यानं लाकडं सारखी करत होते.

"कुठल्या घरात?"

"येसाजीच्या... म्हणजे माझ्याच."

ते घर साऱ्या गावाला ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून आग लागली आणि येसाजीची बायको त्यात गेली. उरलेल्या काळ्याठिक्कर भिंती शेटेंनी मातीमोल भावात घेतल्या, दुरुस्त करून भाड्यानं द्यायला. गाव म्हणालं, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय. शेटे नुसते हसले होते. अशा हसण्याला आमच्याकडे व्यवहार म्हणतात.

"जळके वासे काढले, बाबा. गिलावा विटेपर्यंत खरवडला. रंगाचे हात किती दिले ते रंगाऱ्यालाच विचारा. आता वर-खाली दोन बिऱ्हाडं सुखानं राहतात. बायका गच्चीत पापड वाळवतात. कुणाला काही नाही. आणि मी भाडं आणायला उंबऱ्याशी गेलो, की..."

"की?"

"आता माझ्या घरीसुद्धा येतो. ताटावर येतो. परवा नातीला मांडीवर घेतलं, तर तिच्या केसांना..."

पुढे बोलवेना. बाजारात ज्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे, ते शेटे उपरण्यानं डोळे पुसत होते. कसेही असोत, त्या घडीला त्यांची कीव येत होती.

"विसार कधी दिलास?" बाबांनी विचारलं. "सावडण्याआधी की नंतर?"

"आधी. स्मशानातून येऊन तो शेजाऱ्याच्या पडवीत बसला होता. मी पैसे त्याच्या हातात कोंबले. म्हणाला, 'तिची राख सावडून येऊ द्या, शेठ. जरा निवू द्या.'"

"आणि तू?"

"मी म्हणालो, 'घे लवकर, येसाजी. मला थांबायला वेळ नाही.'"

शेटेंनी खिशातून बाहेरच्या दाराची लोखंडी किल्ली काढली आणि बाबांच्या पायाशी ठेवली.

"हे घर मठाला दिलं. पण मला यातून सोडवा."

"ज्याचं आहे त्याला दे."

"तो गेला, बाबा. गेल्या पावसाळ्यात, बहिणीच्या गोठ्यात."

"त्याच्यामागे कोण?"

"कुणी नाही. बहीणही राहिली नाही."

बाबांनी धुनीत आणखी एक लाकूड सारलं.

"कुणाला देऊ मी? सांगा ना. कुणाला देऊ?"

खाली गावात कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. जेवणाची वेळ होत आली होती.

मग बाबांनी किल्ली उचलली आणि सरळ धुनीत टाकली.

शेटेंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. सुटलो, असं त्यांना वाटलं. डोळे मिटून, हात जोडून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांना श्वास पुरता घेता आला.

डोळे उघडले, तेव्हा बाबांनी चिमट्यानं किल्ली बाहेर काढली होती. लालबुंद झालेली ती किल्ली त्यांनी शेटेंच्या जोडलेल्या हातांपुढे धरली.

"घे."

शेटे झटकन मागे सरकले.

"बाबा... जरा निवू द्या."

बोलून गेले, आणि आपलेच शब्द त्यांच्या कानावर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे आलेला चिमटा काही मागे जाईना.

"घे लवकर, श्रीपती. मला थांबायला वेळ नाही."