सरकत्या खाटेवरचा पहिला तास

एकदा एक कापडाचा व्यापारी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला. हौस म्हणाल तर अजिबात नव्हती, नाइलाज होता. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून त्याने छत्तीस वर्षे तागे उलगडले होते, आणि आता त्याच मांडीतून उठताना कपाटाचा आधार घ्यावा लागत होता. मुलगा एकदा सहज म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी उंच खुर्ची आणू का?" मुलाला काळजीच होती. व्यापाऱ्याने मात्र ऐकले ते असे, की तुमचे दिवस आता संपले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हाडं ठीक आहेत. पिलाटेस नावाचा व्यायाम आहे, तो शिका. पण एकटेच शिका. घोळक्यात गेलात तर शेजाऱ्याशी चढाओढ लावाल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे."

त्या शहरात हा व्यायाम शिकवणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. सत्तरी ओलांडलेली, बोलणे मोजके, आणि एका वेळी एकच विद्यार्थी घ्यायचा असा नेम. व्यापाऱ्याने शनिवार सकाळची वेळ ठरवली खरी, पण मग नाना विचार सुरू झाले. घोळक्यात निदान मागच्या रांगेत लपता येते. इथे दोन डोळे तासभर आपल्यावरच असणार. सगळे पाहून बाई म्हणाल्या, 'फार उशीर केलात, आता गादी सोडा,' तर काय करायचे?

परीक्षेला भ्यालेला माणूस अभ्यास तरी करतो, नाहीतर कॉपी तरी. व्यापाऱ्याने दोन्ही केले. आठवडाभर खोलीचे दार लावून, मोबाइलवर पाहून पाय उचलायचा सराव केला, आणि शनिवारी नव्या कुडत्याच्या आत कमरेचा पट्टा करकचून आवळला. पाठ कशी ताठ झाली! आरशात पाहून स्वारी खूश होऊन निघाली.

बाईंच्या खोलीत एक सरकती खाट होती. तिला पायाकडून स्प्रिंगा जोडलेल्या; उताणे पडून पायांनी दांडी रेटली की खाटेचा पाट मागे सरकायचा. पण बाईंनी त्याला लगेच तिच्यावर चढवले नाही. आधी समोर बसवून विचारले, "कुठं दुखतं? केव्हापासून? झोप लागते का?"

"तसं विशेष काही नाही," व्यापारी म्हणाला. "थोडी कंबर धरते, एवढंच."

"बरं," म्हणून बाईंनी चार स्प्रिंगा लावल्या. व्यापाऱ्याने दणादण पाय रेटले आणि सलग दहा वेळा पाट सरकवला. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर विजय घेऊन त्याने बाईंकडे पाहिले. बाईंचा चेहरा कोराच होता.

"मध्ये श्वास घेतलात का?"

"नाही बुवा. राहूनच गेला."

बाई वाकल्या आणि त्यांनी दोन स्प्रिंगा काढून टाकल्या. "आता करा. सावकाश."

व्यापारी मनातून दुखावला. आपल्याला सरळ म्हाताऱ्यात काढले म्हणायचे! त्याने तोऱ्यात पाय रेटला. पाट सहज सरकला, पण सावरून परत आणताना डावा पाय थरथरू लागला. बाईंनी आणखी एक स्प्रिंग काढली. आता कंबरही डुगडुगली, पट्टा बरगडीत रुतला आणि श्वास कोंडला. व्यापाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"राहू द्या, बाई. कळलं मला. माझ्याच्यानं हे होणार नाही."

आणि बाई चक्क हसल्या. वहीत दोन ओळी लिहून म्हणाल्या, "छान झालं. आता धडा सुरू करता येईल."

व्यापाऱ्याचा पारा चढला. "दहा वेळा केलं तेव्हा गप्प बसलात, आणि फजिती झाली तर छान?"

बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "शेटजी, विणकर तागा घेऊन आला की तुम्ही आधी काय बघता?"

"उलटी बाजू," व्यापाऱ्याला विचारही करावा लागला नाही. "सुलटी काय, कुणीही चमकवून आणतो. गाठी, तुटके धागे, सगळं मागच्या अंगाला कळतं."

"आणि कुणी मागून अस्तरच शिवून आणलं तर?"

"त्याला दारातूनच..." व्यापारी थबकला. त्याचा हात नकळत कुडत्यावरून पट्ट्याकडे गेला.

"मला तुम्ही आत आलात तेव्हाच दिसलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "पट्टा वाईट नाही, प्रवासात खुशाल वापरा. पण तुमच्या मांड्या दणकट आहेत, आणि पोटापाठीचं काम त्या परस्पर उरकून टाकतात. जड स्प्रिंगांवर मला वर्षभर मांड्याच दिसल्या असत्या; स्प्रिंगा कमी केल्या की पाट पोटापाठीलाच सावरावा लागतो. जे थरथरलं, त्यालाच शिकवायचं आहे. थरथरतं म्हणजे जागं आहे ते. इथं सगळे पहिल्या दिवशी पास व्हायला येतात, आणि इथं परीक्षाच नसते. मी एकेकालाच घेते ते एवढ्यासाठी, की त्याला काही झाकावं लागू नये."

व्यापारी आतल्या खोलीत जाऊन पट्टा सोडून आला. पोट सुटले, खांदे उतरले. मग धीर करून त्याने विचारले, "पुन्हा गादीवर बसता येईल?"

"येईल, असं मला वाटतं. कधी, ते आज सांगत नाही. आठवड्यातून दोनदा या. आता खरं सांगा, कुठं दुखतं?"

मग तो बोलू लागला. डाव्या खुब्यातून पोटरीपर्यंत जाणारी कळ, देवळात टाळलेले नमस्कार, कापता न येणारी पायाची नखे. पंधरा महिन्यांचे सगळे बाहेर आले. बाई म्हणाल्या, "हे डॉक्टरांनाही सोमवारी जसंच्या तसं सांगा." उरलेला वेळ गुडघे दुमडून, बरगड्यांवर हात ठेवून श्वास घ्यायला शिकण्यात गेला. इतके मोकळे त्याला कित्येक महिन्यांत वाटले नव्हते. डोळे भरून आले तेही त्याने पुसले नाहीत.

नवी विद्या घ्यायला निघताना माणूस आपले उत्तम तेवढे बांधून नेतो. गुरूला उरलेले हवे असते.

घरी बायकोने विचारले, "कसं झालं?"

"एक स्प्रिंगसुद्धा झेपली नाही," तो हसत म्हणाला, आणि तिच्याजवळ बसून त्याने पंधरा महिने तिच्यापासूनही लपवलेले सगळे सांगून टाकले. 

"अहो," ती म्हणाली, "वाकायला नको म्हणून तुमची आंघोळीची बादली रोज स्टुलावर कोण ठेवत होतं, असं वाटलं तुम्हाला?"