मोराच्या डोळ्याचा ठिपका

चपला दाराबाहेर काढून संगणकाच्या खोलीत शिरायचं, तो काळ सरत आला होता. दूरदेशी घडलेल्या टॅब नावाच्या काचपाटीला वाटलं होतं, पैठणी विणणाऱ्या त्या गावात सगळे आपली वाटच पाहत असतील. येऊन बघते तर टेबलावर वायरीचं शेपूट पसरून जुना माउस, पाठीवर दसऱ्याचं हळदकुंकू मिरवत बसलेला!

"आजोबा, शेपूट आवरा. उद्या भंगारवाला येतोय. आता नुसत्या बोटानं सगळं होणार!"

"होऊ दे गं बाई," माउस म्हणाला. "पूर्वी पोरी माझ्या पोटातला रबरी गोळा काढून फुंकर मारायच्या. रेशमाचं तूस उडायचं."

दुपारी पैठणीची नक्षी काढणाऱ्या भामाताईंनी पाटीवर एका खिडकीत पदरावरचा जुना मोर उघडला, शेजारच्या खिडकीत नवा काढला. पण डोळ्याचा ठिपका काही जागेवर बसेना. बोट टेकवलं की ठिपकाच झाकायचा. शेवटी त्यांनी जुना संगणक लावून माउस हातात घेतला. टेबलावर माउस सरकला, पडद्यावर बाण सरकला आणि मोराला डोळा मिळाला.

"तुम्ही तर पडद्याला शिवलासुद्धा नाहीत!" पाटी माउसला म्हणाली.

"म्हणून तर ताईंना ठिपका दिसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याची हाळी ऐकताच पाटीनं वायर जोडायची आपली खोबण पुढं केली.

"आजोबा, शेपूट इकडं द्या."